मनोरीत चाचणी

कंपनीच्या पोरीने टॅबवर बोट ठेवलं
आणि रिकाम्या सीटचा ट्रॅक्टर निघाला.
धूर नाही. आवाज पंख्याएवढा.

चार्जिंगची वायर रात्रभर बस्त्यावच्या घरातून,
फ्रिजचा प्लग काढून;
सकाळी कालवणाचे बोंबील पाण्यात.
त्यावरून रोझी अजून धुसफुसतेय.

दोन तासं सरळ ओढली त्याने,
तिसऱ्यात थबकला
बुजगावण्यापुढे.

"माणूस वाटतोय त्याला," पोरगी ओशाळली.
"काढू का मधून?"

बैल कधी फसले नव्हते.
कावळे तर खांद्यावर बसतात.

बस्त्याव गेला,
थोरल्या भावाच्या त्या चौकड्यांच्या शर्टाची
उलटलेली कॉलर नीट केली,
बटण लावलं एक.

"राहू दे.
वळसा घालायला शिकव त्याला."