पाड्याचा रकाना

डिसेंबरात नंदुरबारला खिडकी उघडून बसता येत नाही.
पलीकडे पथारीवर मिरची वाळते,
वारा इकडे फिरला की ठसका.
डोळे पुसत मी स्क्रीन बघते.

नाव आहे. वय आहे. वजन, हिमोग्लोबिन,
बाळंतपण कितवं.
पाड्याचं नाव, हा रकाना नाही.
म्हणजे आहे.
डेटाबेसात आहे, फॉर्मच्या फाइलीत
माझ्याच हातानं लिहिलाय, वर सक्तीचा केलाय.
पानावर तेवढा उमटत नाही.

धडगावहून दिलवर वसावेचा तिसरा फोन.
"मॅडम, सेव्ह दाबलं की फॉर्म परत येतो.
बोलत काहीच नाही."
त्याच्यामागे एक बाळ रडतंय.
ओट्यावर चौदा बाया, म्हणाला, सकाळपासून.
"लाल अक्षरात काही आलं का?"
"नाही ना. जसा दिला तसा परत."

तेव्हा उजेड पडला.
चूक दाखवायची जागा त्याच रकान्याखाली होती
आणि रकानाच नव्हता.
सर्व्हर दर वेळी सांगत होता, पाडा भरा, पाडा भरा,
जिथे कुणी उभंच नाही तिथे.

कॅशे पुसली. सर्व्हर बंद करून चालू केला.
रकाने मोजले: फाइलीत अकरा, पानावर दहा.
पानाचा सोर्स उपसला,
नुसता लपवलेला असता तर तिथे तरी सापडला असता.
हेमराज चहा ठेवता ठेवता वाकला, म्हणाला,
"तू त्याले नावच बरोबर सांगं नही,
मंग तो काय दखाडी?"
मी चिडले. मग वाचलं.

फॉर्ममध्ये दोन ए, टेम्प्लेटमध्ये एक.
आपल्या लिपीत सांगायचं तर काना राहिला,
पाड्याचं पडा झालं.
टेम्प्लेट अशा वेळी भांडत नाही.
ओळखीचं नाव नसलं की तेवढी जागा कोरी सोडतं
आणि खालच्या ओळीला लागतं. फार सभ्य.
मला तोंडावर ओरडणारी चूक परवडते.

एक ए. सेव्ह. चहा गार.
"आला, मॅडम!" दिलवर ओरडला,
मग आवाज खाली: "पण पूर्ण बसत नाही."
"काय बसत नाही?"
"गोरंबापाडे दोन आहेत. ही बाई खालच्या पाड्याची,
नाल्याच्या पलीकडची. तसं लिहिलं नाही
तर सिस्टर वरच्या पाड्याला जाते, अख्खा दिवस चढण.
हा वीस अक्षरांवर अडतोय."

वीस. तेही मीच लिहिलं होतं,
कुठल्याशा दुपारी, कुणाला न विचारता.
"किती लागतील?"
"थांबा," तो म्हणतो, आणि बाईकडे वळतो.
ती सांगू लागते, मला कळत नाही त्या बोलीत,
बराच वेळ.
मी वीस खोडलेत.
कर्सर लुकलुकतोय, मी नाक पुसते,
ती अजून सांगतेय.