इद्वालचे आकडे

भिंतीवरच्या लाकडी पाटीत अजून तीन आकडे आहेत:
चारशे बारा. सत्त्याऐंशी. दोनशे तीस.
शनिवारी संध्याकाळी स्टुलावर चढून
इद्वालने सरकवलेले, रविवारच्या स्तोत्रांसाठी.
रविवार उजाडला तेव्हा तो आमच्याच पलंगावर
उजव्या कुशीवर होता,
आणि मी त्याचा चहा दोनदा गरम केला.

त्यानंतर या चॅपलमध्ये कुणी गायलं नाही.
आम्ही नऊजण होतो, मग सहा,
मग नेस्ता लेकीकडे कार्डिफला गेली,
आणि मिस्टर प्रोथेरोंनी किल्ली माझ्या हातात ठेवली,
शेजारणीची वाटी परत करावी तशी,
रिकामी.

दर शनिवारी येते. बाक पुसते.
प्रार्थना करत नाही. ती नेमकी कधी थांबली सांगता येणार नाही.
दाढ दुखायची थांबते ना, तशी;
जीभ मात्र अजून तिथेच जाते.

आकडे तेवढे सोडत नाहीत.
आमच्याकडे पुस्तकं दोन, जुनं काळं, नवं लाल.
जुन्यात चारशे बारा म्हणजे नदी, गार पाणी, पैलतीर.
नव्यात गहू, बटाटे, सुगीचे आभार.
सत्त्याऐंशी जुन्यात पापी मी, नव्यात बारशाचं.
दोनशे तीसचं पान जुन्यात उंदरांनी नेलं.
नव्यात आहे, पण ते त्याला कधीच आवडत नसे.

त्या शनिवारी कुठलं पुस्तक होतं त्याच्या मनात?
चाहूल लागली होती त्याला,
की नुसतेच बटाटे?
वर विचारावं
तर वर स्लेटचं छप्पर,
आणि वळचणीला डोमकावळ्यांची भांडणं.

मोजूनही पाहिलं.
फाटकापासून त्याच्या थडग्यापर्यंत
सत्त्याऐंशी पावलं व्हावीत
म्हणून पावलं लहान टाकली.
झाली.
मग माझी मलाच लाज वाटली.

आज मंगळवार. फीत घेऊन एक तरुण आला,
उंची मोजली, खिडक्या मोजल्या.
वर झोपायची खोली, म्हणाला, खाली स्वयंपाकघर.
हे नंबर कसले?
म्हटलं, माझ्या नवऱ्याचा निरोप आहे.
काय निरोप?
म्हटलं, तेच बघतेय.

त्याने दार आपटलं तशी
पाटीतला चार निसटून खाली आला.
पुठ्ठ्याचा. ओलीने फुगलेला. एक कोपरा दुमडलेला.
मागच्या बाजूला पेन्सिलने, इद्वालच्या अक्षरात:
सैल आहे. जपून.

हे मला नव्हतं लिहिलेलं.
देवालाही नव्हतं.
पुढच्या शनिवारी जो कुणी स्टुलावर चढेल, त्याला.

मी स्टूल ओढलं. गुडघा कुरकुरला.
बोटाने दाबून, हळूच, चार परत बसवला.

खिडकीकडचा बाक पुसायचा राहिलाय.
उद्या बुधवार.
तरी येईन.