चुन्याचं पाणी

मका चुन्यात शिजवायचा, एवढं पक्कं आठवतं.
चुना किती, ते तिनं बोटांनी दाखवलं होतं,
आणि तिची बोटं माझ्याहून आखूड.

मंगळवार पेठेत इस्माईलच्या टपरीवर उभी राहिले.
"वैनी, पान कधीपास्नं?"
म्हटलं, पान न्हाई, मका शिजवायचाय.
त्यानं पुडी हातात ठेवली, पैसे घेतले नाहीत.
बहुतेक कीव आली.

सकाळी मका हळदीला लागल्यासारखा पिवळा,
चोळला की सालं निसटतात,
वास सणाआधी भिंतींना चुना लावलेल्या घराचा.
त्या वासात ती एकदम समोर:
वायादोलिदच्या अलीकडचं खेडं, ताडपानांचं छप्पर,
पांढऱ्या झग्यावर भरलेली फुलं, तीन दगडांची चूल.
रणधीर दुभाषा म्हणून आलेला,
पण तिचं स्पॅनिश त्याच्याहून कच्चं,
म्हणून आम्ही सगळेच बरोबरीत.

लिंबाएवढा गोळा, केळीच्या पानाचा तुकडा,
फिरवत, थापत, टप् टप् टप्.
"वाज," ती म्हणाली.
मी म्हटलं, भाकरी.
"भाक्री," म्हणाली आणि हसली, पुढचे दोन दात नव्हते.
मग वाटीत भाजल्या मिरचीचा ठेचा आला, "ईक."
हे बोंबलतील म्हणून ती टक लावून बसली.
ह्यांनी वाटी पुसून परत पुढं केली.
तिनं कपाळाला हात लावला.
नाव विचारायचं राहूनच गेलं.

माळ्यावरचा पाटा काढला, वाटलं, मळलं.
पण हात ऐकत नाही.
चाळीस वर्षं ज्वारी थापलेला हात,
गोळा दिसला की ताटाएवढं व्हायला निघतो.
कडा फाटल्या. सहा मोडल्या.
सातवी जमली, पण ती भाकरीच जमली.

खड्ड्याचं ह्यांनी अंगावर घेतलं.
उद्यमनगरात लोखंड ओतण्यात जन्म गेला,
निवृत्तीनंतर पहिल्यांदा तोंडावर जाळ दिसला.
फाउंड्रीतनं भट्टीच्या विटा आणल्या,
शेवग्याखाली हातभर खणलं.
कोंबडीला शेंदरीच्या बिया (झाड बावड्याच्या नर्सरीत सापडलं),
तिकडच्या कडू संत्र्याच्या जागी ईडलिंबू,
भोवती केळीचं पान, वर पोतं, वर माती.

कुंपणावरनं निकम: "काय पुरताय?"
"कोंबडी."
"मेली व्हय?"
"न्हवं, जेवायला."
निकम आत गेले,
आणि बायकोला घेऊन बाहेर आले.

नणंदेनं विचारलं, चटणी किती घातलीस?
घातली नाही, म्हटलं.
तसली शांतता मी एकदाच ऐकली होती,
खासबागेत, आपल्या तालमीचा पैलवान चितपट झाला तेव्हा.

चार तासांनी उकरलं.
पान काळं, मांस तांबूस, आपोआप सुटणारं.
धूर होता, आंबट होतं, मातीही होती थोडी.
जवळ आलं होतं.
म्हणजे बिंदू चौकात पाठमोरं कुणी ओळखीचं वाटावं,
हाक मारावी,
आणि वळल्यावर दुसरीच बाई असावी, इतपत जवळ.

नणंद उठली, घरातनं चटणीची बरणी आणली,
सगळ्यांच्या पानात एकेक चमचा.
मी काही बोलले नाही. मीही वाढून घेतली.
निकमांनी तीनदा घेतलं,
आणि प्रत्येक वेळी विचारलं, हे नक्की काय म्हणायचं?

रात्री पातेल्यातलं चुन्याचं पिवळं पाणी
मोरीत ओतवेना. तसंच झाकून ठेवलं, कशासाठी कोण जाणे.
सकाळी खड्डा अजून कोमट होता,
निकमांचं मांजर त्यात मुटकुळं करून झोपलेलं.

न्याहारीला रोजची ज्वारी मळली.
शेवटी उरला गोळा लिंबाएवढा.
दुसरा त्यात मिसळला नाही.
टप् टप् टप्.

ह्यांनी पेपरातनं मान वर न करता विचारलं,
"आली का ती बाई?"