सात मायक्रॉन

अकरा वर्षं मी पवनचक्क्यांचे गिअरबॉक्स आखले
तिसऱ्या मजल्यावर, गालिच्यावर, बूट न मळवता.
मग कंपनी बंद झाली. ब्रेमरहाफनच्या धक्क्यावर
आमची पाती आडवी पडून राहिली,
कुणी न्यायलाच न आलेल्या सामानासारखी.

आता एकोणचाळिसाव्या वर्षी
दर गुरुवारी मी बाकावर बसते
आणि शिकते, की फळ्याकडे तोंड करून बोलू नये.
प्रश्न विचारावा, मग गप्प राहावं.
किती वेळ? मी विचारलं.
ल्यूडेके बाई म्हणाल्या,
तुम्हाला सहन होईल त्याहून थोडा जास्त.

बाकीचे दिवस शाळेत, यंत्रशाळेच्या तेलकट वासात.
ओस्टरकाम्प मास्तरांनी पहिल्याच दिवशी
हातात कानस दिली.
पुढे जाताना दाब, मागे येताना उचल.
उलटी घासलीस तर कानस मरते, लोखंड नाही.
दोन तास घासलं.
त्यांनी माझ्या ठोकळ्यावर धारेची पट्टी उभी धरली,
खिडकीपाशी नेली.
पट्टीखालून सकाळ झाली होती.
वेझरची फेरीबोट जाईल हिच्यातून, ते म्हणाले.
सोळा-सतरा वर्षांची सगळी पोरं
त्याच क्षणी आपापल्या शेगड्यांत डोकं घालून बसली.
नाही, शेगड्या कुठल्या, शिकंजे होते ते.
लाजेत माणसाला नीट दिसत नाही.
त्या वर्गाने माझ्यावर केलेला तो पहिला उपकार.

फेब्रुवारीत परीक्षेचा पाठ.
मागे तीन खुर्च्या, तीन वह्या, तीन न चघळलेली बिस्किटं.
विषय: खीळ आणि भोक, वीस मिलिमीटर,
खिळीला किती सूट, भोकाला किती.
मिनिटामिनिटाचा आराखडा मी छापून आणला होता.
चौदाव्या मिनिटाला खीळ भोकात सरकणार,
वर्ग म्हणणार, अच्छा.

खीळ सरकली नाही.

पुन्हा लावली. कड शोधली, वळवली,
तिसऱ्या खेपेला तोंडावर हसू आणून लावली.
कागदावर सगळं बरोबर होतं.
कागदावर माझं नेहमीच सगळं बरोबर असतं.

मग मी विचारलं, का जात नसेल?
आणि गप्प राहिले,
कारण मलाही ठाऊक नव्हतं.

मेर्गिम उठला.
सप्टेंबरपासून त्याने हजेरीला «आहे» एवढंच म्हटलेलं.
त्याने खीळ तळहातावर घेतली, जराशी तोलली,
मग हीटरकडे पाहिलं.
तिथे माझे ओले हातमोजे वाळत होते,
आणि त्यांच्या शेजारी, सकाळपासून, ही खीळ ठेवलेली.
तो काही बोलला नाही. खिडकी उघडली,
कठड्यावरच्या बर्फात खीळ खुपसली
आणि पाठ करून उभा राहिला.

वारा आत आला. वह्यांची पानं उडाली.
कुणीतरी पुटपुटत आकडेमोड सुरू केली,
वीस गुणिले तीस अंश... फीटेने कॅल्क्युलेटर हिसकावला,
सात मायक्रॉन, तो ओरडला, फक्त सात!
केसाला दहा वेळा उभं चिरलं तर एवढं.
मी खडू हातात धरून होते.
सांगायचं म्हणून जिभेवर सगळं आलं होतं.
गिळलं.

खीळ पुसून त्याने भोकावर ठेवली,
दाबली नाही, नुसतं बोट काढून घेतलं.
ती आत गेली,
थकून घरी आलेलं माणूस खुर्चीत बसतं तशी.

ल्यूडेके बाईंच्या शेऱ्यात एक ओळ आहे:
एकोणीस ते तेवीस मिनिटं, शिक्षिकेने काहीही केले नाही.
गुण पुढच्या आठवड्यात कळतील.
ती ओळ कौतुक आहे की ठपका,
मी ओस्टरकाम्पना विचारलं.
त्यांनी पट्टी कापडाने पुसली, पेटीत ठेवली,
म्हणाले, उद्या सात वाजता ये, ठोकळा अजून वाकडा आहे.

बसस्टॉपवर लक्षात आलं,
हातमोजे वर्गातच राहिले.