ओळंब्याबाहेर

माझगावात, गोदीच्या भिंतीमागे
एक बेकरी आहे, पाटीवरची अक्षरं उडालेली.
तिचं धुराडं वाकलंय म्हणून मला बोलावलं.

बेहमन शेठ म्हणाले,
"बघ, दुरुस्त होतं का. नाहीतर पाडू.
तसंही लाकडाची भट्टी बंद करा म्हणून कागद आलाय,
गॅस येणार, पत्र्याचा पाइप येणार.
पण आधी बघ तरी."
बघ तरी म्हणताना ते गल्ल्यातली चिल्लर
मोजलेलीच पुन्हा मोजत होते.

भट्टी चार दिवस विझलेली,
तरी विटा हाताला कोमट लागत होत्या,
ताप उतरलेल्या पोराच्या कपाळासारख्या.
मुख्तार म्हणाला, अजून आठवडा लागेल.
मी आल्यापासून ती कधी गार झालीच नाही.
तो आझमगढहून आला तेव्हा त्याला मिसरूड नव्हतं.
आता भुवयासुद्धा पांढऱ्या,
पिठानं की वयानं, विचारलं नाही.

परांची बांधली. वर चढून ओळंबा सोडला.
कौलांपर्यंत धुराडं सरळ.
मग वरचे अकरा रद्दे
पूर्वेला, बंदराकडे कललेले.
एकूण साडेचार इंच.

पाया खचला असता तर खालपासून कललं असतं.
तडा असता तर दर्जा उघडल्या असत्या.
दर्जा मिटलेल्या, चुना दगड झालेला.
थापीच्या टोकानं एक वीट सोडवली.
सायीसारखी जाड काजळी निघाली
आणि खाली वीट, पाचरीसारखी तासलेली,
एका अंगाला तीन इंच, दुसऱ्या अंगाला पावणेतीन.
दुसरी काढली. तीही तशीच.
तिसरी काढायची गरज नव्हती,
तरी काढली.

म्हणजे हे वाकलं नव्हतं.
वाकवलं होतं.
कुणीतरी माझ्याच धंद्यातला,
भर उन्हात, एवढ्याच उंचीवर बसून
एकेक वीट मांडीवर घेऊन तासत होता.

मान वळवली तर पश्चिमेला,
काठी पोचेल एवढ्या अंतरावर,
शेजारच्या चाळीची तिसऱ्या मजल्याची खिडकी.
पाटकर बाई कपडे वाळत घालत होत्या.
"पाडताय का हो?" म्हणाल्या.
मी विटा दाखवल्या.
त्या म्हणाल्या, सासऱ्यांना दमा होता.
गवंडी चढला की खिडकीतून त्याच्याशी भांडायचे.
मग एक दिवस भांडायचे थांबले,
त्याला चहा द्यायला लागले.
"पण धूर काय, यायचाच.
चारला खिडकी लावून घ्यायची, एवढं शिकलो."

साडेचार इंचांनी धूर किती लांब जातो?
मला विचाराल तर, नाहीच जात.
त्यालाही ठाऊक असणार.

खाली येऊन शेठना सांगितलं.
ते बराच वेळ गप्प. मग म्हणाले,
"माणसानं काय लिहून ठेवलं नाही."
आणि मग, "पाड."

मी पाडलं नाही, उतरवलं.
लहूनं दोरीनं एकेक वीट खाली घेतली.
फिटरनं चकचकीत पाइप चढवला, सरळसोट.
मी म्हटलं, वर एक बेंड टाक, बंदराकडे.
तो म्हणाला, कशाला? गॅसला धूर कुठे असतो?
मी म्हटलं, बरोबर आहे तुझं.
बेंड टाकला नाही.

सरळ विटा भंगारवाल्यानं मोजून नेल्या.
तासलेल्या घेईना.
सरळ भिंतीत यांचं काय करू, म्हणाला.
राबीटच्या गाडीत गेल्या सगळ्या,
एक सोडून.

ती विक्रोळीला, आमच्या मोरीत आहे.
उतरत्या फरशीवर पिंप डुगडुगायचं,
त्याच्या खाली सारली. बसली.
बायको म्हणते, एवढ्या मोठ्या मुंबईत
तुम्हाला हीच वीट मिळाली?
पाणी सांडलं की काजळी सुटते,
फरशीवर काळा ओघळ उमटतो.
ती घासते. परत उमटतो.
परवा ती वाकून वास घेत होती.
मी काही बोललो नाही.