तपकीर गल्लीत, डिसेंबरात

"कशासाठी पाहिजे?" दुकानदार विचारतो.
मी म्हणते, अंडी उबवायला.
साप म्हटलं की लोक आधी भिंतीकडे सरकतात,
मग भाव वाढवतात.

काउंटरवर दोन थर्मोस्टॅट.
एक टक् करून चालू, टक् करून बंद,
साडेचारशे, गॅरंटी गल्लीच्या तोंडापर्यंत.
दुसरा महाग. आवाज नाही.
हळूहळू कमी करतो, हळूहळू वाढवतो,
दुधाखालचा गॅस सुमतीआत्या करायची तसा,
न बघता.

पाषाणला काल पहाटे नऊ अंश होतं.
पेटीत मका
(अजगर नव्हे हो, दोन हात लांब,
केशरी, कागदपत्रांसकट)
पाण्याच्या भांड्याला वेटोळं घालून
काहीच मागत नव्हता.
मांजर ओरडलं असतं.
ह्याला थंडी वाजत नाही,
हा नुसता कमी कमी होत जातो.

"महागातला द्या."

"प्रोब नीट चिकटवा," तो म्हणतो,
"सुटला तर ह्याला वाटेल गारच आहे,
आणि तापवत बसेल."
मग नोटा मोजता मोजता, खालच्या आवाजात:
"जात कुठली?"

मी दचकते.

"सापाची हो.
अंड्यांसाठी कुणी
एवढा वेळ उभं राहत नाही."