तारवाली

आमचं आडनाव तारी.
कालावलच्या खाडीवर माणसं या काठावरून त्या काठावर
नेऊन सोडायची, एवढाच त्याचा अर्थ.
शेवटचं भाडं माणशी तीन रुपये,
सायकलीचे दोन,
शेळीचं काही नाही, होडीत घाण केली नाही तर.

मग पूल आला. सात खांब.
बाबांनी त्यावर पाय ठेवला नाही.
पलीकडे जायचं तर रिकामी होडी सोडायचे,
वरून एसटी जायची, कंडक्टर हाक मारायचा,
बाबा वर बघायचे नाहीत.

बघितलं ते चौथ्या खांबापाशी, चैत्रात,
टाळूवर ओल्या चिखलाचा गोळा पडला म्हणून.

पाठ शिनाण्याच्या कवचाची,
काळी म्हणावी तर निळी.
डोक्यावर नव्या कौलाच्या रंगाची टोपी.
पोट इतकं पांढरं, की पाण्यालगत गेली
की खाली दुसरी एक उलटी उडते.
आणि शेपटीला दोन तारा.
मला वाटलं तंगुसाचे तुकडे अडकलेत,
धरून सोडवायला हवेत.

नराच्या लांब, मादीच्या आखूड.
हे नंतर कळलं, अल्मेडा मॅडमनी पुस्तक आणलं तेव्हा.
नाव वाचून त्या हसल्या: तारवाली भिंगरी.
म्हणजे तुमच्यातलीच की हो, तारीकाका.

बाबा खेपा मोजायला बसले.
एका खेपेला वाटाण्याएवढा चिखल,
काठावरून खांबाकडे, खांबावरून काठाकडे.
पहिल्या दिवशी एकशे चाळीस.
"माझ्यो कधी चाळिसाच्या वर गेल्यो नाय,"
आणि त्या संध्याकाळी ते जेवताना गप्प होते.

फुटक्या करवंटीएवढं घरटं,
आत आमच्याच कोंबडीची पिसं.
दाढीचा आरसा वल्ह्याच्या टोकाला बांधून
त्यांनी अंडी पाहिली.
तीन. तांबड्या शिंतोड्यांची.
आरसा आईचा होता. ती आठवडाभर बोलत होती.

दिवाळीच्या आसपास विजेच्या तारांवर
दुसऱ्या भिंगऱ्या येतात, परदेशी, शेकड्यांनी,
आणि होळीनंतर कधीतरी सकाळी तारा मोकळ्या.
माझा भाऊ जयवंत बोटीवर आहे, त्याचंही तसंच.
आई म्हणते, पायाला भिंगरी लागलीय त्याच्या.
ही त्यांच्यात बसत नाही.
दोघंच असतात, पुलाच्या कठड्यावर,
आषाढात खाडी तांबडी होऊन फुगते तेव्हासुद्धा.
पाण्यावरून एकदा चाटून जातात,
चिलटं टिपतात, परत.
मी म्हटलं, बाबा, हीसुद्धा भिंगरीच.
"हिच्या पायाक काय लागतला?
चलता खय ती?"

पुस्तकात नकाशा होता.
आफ्रिका बरीचशी रंगवलेली,
मग आपला देश, पुढे ब्रह्मदेशाच्याही पलीकडे.
बाबांनी बोट ठेवलं ते मधे,
जिथे काहीच नव्हतं.
"मधलो दर्यो कोरोच सोडलो?"
मॅडमनी चष्मा पुसला.
ती समुद्र ओलांडत नाही, काका.
इकडच्या इकडे, तिकडच्या तिकडे.
बाबांना ते पटलं असावं.
त्यांनी पुस्तक पुन्हा मागितलं नाही.

वैशाखात रंगवाले आले.
पुलाला खालून-वरून पांढरा रंग, सरकारी हुकूम,
पहिला खांब झाला, दुसरा झाला.
पिल्लांच्या चोची तेव्हा पिवळ्या,
नुसती तोंडं, बाकी काही नाही.
मी काठावर कालवं फोडत होते.
पाहिलं तर बाबा पुलावर.
लुंगी सावरत, कठडा धरून,
गाड्यांना अंग चोरत,
ऐन मध्यावर मुकादमासमोर उभे.
"तीन पोरां आसत थय. चौथ्या खांबाक हात लावू नुकात."
मुकादम आचऱ्याचा होता, किंवा भला होता.

बाकीचे सहा खांब पांढरे आहेत.

त्या रात्री भात कालवता कालवता
बाबा कुणाकडेही न बघता म्हणाले,
"वरसून खाडी लानशी दिसता गो."
आणि मीठ मागितलं.